इन्स्ट्रुमेंट रेटिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे, फ्रीमाँट, सनीव्हेल भागातली बरीच मराठी मंडळी हल्ली हौसेने विमान चालवतात. लायसन्स हातात पडतं, घरच्यांना गोल्डन गेटवरून एक चक्कर मारून होते, आणि मग ‘आता इन्स्ट्रुमेंट करावं का?’ असा निरोप येतो. मी इथे हेच शिकवतो. निरोपांना एकेकाला उत्तरं देण्यापेक्षा ती एका ठिकाणी असलेली बरी, म्हणून हे पान. नियम अमेरिकेतले, म्हणजे एफएएचे (तिथल्या हवाई वाहतूक नियामकाचे) आहेत. भारताबद्दल प्रश्न १८ पाहा.

१. इन्स्ट्रुमेंट रेटिंगमुळे नेमकं काय मिळतं?

प्रायव्हेट लायसन्सवर आपण नजरेच्या भरवशावर उडतो. दहा हजार फुटांखाली, बहुतेक नियंत्रित हवाई क्षेत्रात याचा अर्थ असा: किमान ३ मैल दिसलं पाहिजे, आणि ढगाच्या ५०० फूट खाली, १,००० फूट वर किंवा २,००० फूट बाजूला राहिलं पाहिजे. रेटिंग असलं की एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रणाची) क्लिअरन्स, म्हणजे परवानगी, घेऊन ढगात शिरता येतं, आणि धावपट्टी दिसत नसतानाही आखून दिलेल्या वाटेने ठरावीक उंचीपर्यंत उतरता येतं.

बे एरियात याचा रोजचा उपयोग म्हणजे उन्हाळ्यातला समुद्री ढगांचा थर. रात्रीतून तो आत सरकतो. सकाळी छत (म्हणजे ढगांचा तळ) हजारेक फुटांवर, थराची जाडी साधारण तेवढीच आणि वर लख्ख ऊन. रेटिंग नसलेला पायलट थर विरेपर्यंत विमानापाशी चहा पीत बसतो. रेटिंगवाला दोन-तीन मिनिटांत थर भेदून वर येतो.

२. मी फक्त रविवारी हाफ मून बेला जाऊन येतो. मला लागेल का?

नाही. आणि हे मी शिकवणारा असूनही सांगतो. महिन्यातून एकदा, स्वच्छ हवेत, तास-दीड तास उडणाऱ्याने रेटिंग घेतलं, तर सहा महिन्यांत ते गंजतं (प्रश्न १३). गंजलेलं रेटिंग खिशात असलेला माणूस ढगाजवळ जायला धजावतो, रेटिंग नसलेला लांब राहतो. शिकण्याने हात आणि रेडिओवरचं बोलणं दोन्ही सुधारतं हे खरं, पण त्यासाठी दहा तासांचा सराव पुरतो. लॉस एंजेलिस, पोर्टलंड असे लांबचे प्रवास करायचे असतील, ठरल्या दिवशी पोचायचं असेल, तर मात्र जरूर करा.

३. अटी काय आहेत? किती तास लागतात?

प्रायव्हेट लायसन्स हवं. क्रॉस-कंट्रीचे ५० तास पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी असलेला पायलट) म्हणून झालेले हवेत. इथे क्रॉस-कंट्री म्हणजे निघालेल्या जागेपासून सरळ रेषेत ५० सागरी मैलांहून लांब कुठेतरी उतरणं. खऱ्या ढगातले किंवा डोळ्यांवर आडोसा लावून केलेले मिळून ४० तास हवेत. त्यातले किमान १५ तास इन्स्ट्रुमेंट शिकवण्याचा अधिकार असलेल्या प्रशिक्षकाबरोबर, आणि त्यातलेही ३ तास परीक्षेआधीच्या दोन कॅलेंडर महिन्यांत.

शिवाय २५० सागरी मैलांचा एक मोठा प्रवास असतो. प्रत्येक विमानतळावर एक ॲप्रोच (यंत्रांवरून आखून दिलेल्या वाटेने धावपट्टीकडे उतरणं) करायचा, आणि एकूण तीन वेगवेगळ्या प्रकारचे. हा दिवस मजेचा असतो, घाईत उरकू नका.

मेडिकलसाठी वेगळी अट नाही. प्रायव्हेटला चालतं ते थर्ड क्लास प्रमाणपत्र किंवा बेसिकमेड (त्याऐवजी चालणारी सोपी वैद्यकीय सोय) इथेही चालतं.

४. खर्च आणि वेळ?

विमानाचं भाडं, प्रशिक्षक, परीक्षकाची फी, ॲप आणि हेडसेट धरून दहा ते वीस हजार डॉलरच्या मधलं काहीतरी. फरक पडतो तो सातत्याने. आठवड्यातून दोनदा येणारा पाच-सहा महिन्यांत पार पडतो. तीन आठवड्यांतून एकदा येणाऱ्याचा निम्मा धडा मागचं आठवण्यात जातो, आणि बिल त्याचंही येतं.

५. मी एच-वन-बीवर आहे. परवानगी लागते का?

लागते. अमेरिकेचा नागरिक नसलेल्या प्रत्येकाला, ग्रीन कार्डवाल्यालासुद्धा, इन्स्ट्रुमेंटचं प्रशिक्षण सुरू करण्याआधी टीएसएची (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेची) मंजुरी घ्यावी लागते. ‘प्रायव्हेटच्या वेळी घेतली होती की’ असं बरेच जण म्हणतात. २०२४च्या नव्या नियमांनुसार ही सुरक्षा तपासणी पाच वर्षांपर्यंत ग्राह्य धरतात. तरी नवं प्रशिक्षण टीएसएच्या पोर्टलवरच्या आपल्या खात्यात दाखवून, प्रशिक्षकाकडे नोंद पोचल्यावरच पहिला धडा घ्या. नागरिक झाला असाल तर पासपोर्ट दाखवला की काम झालं. ओसीआय कार्डाचा इथे काही संबंध नाही.

६. लेखी परीक्षा आधी द्यावी की उडताना?

आधी, किंवा निदान पहिल्या दहा तासांत. ६० प्रश्न, अडीच तास, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. निकाल २४ कॅलेंडर महिने चालतो. आयटीतली आपली मंडळी पाठांतर करून ९५ आणतात आणि विमानात बसल्यावर चार्टवरची रेघ कुठली हे विचारतात. प्रश्नपेढी घोकण्यापेक्षा रोज एक ॲप्रोच प्लेट (एका ॲप्रोचचा छापील नकाशा) छापून घ्या आणि तिच्यावरची प्रत्येक खूण स्वतःला समजावून सांगा. तोंडी परीक्षेत परीक्षक नेमकं हेच विचारतो.

७. ढगात इतकं काय होतं? विमान सरळ ठेवलं की झालं ना?

विमान सरळ आहे हे कळणार कसं, हाच तर प्रश्न आहे. कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांतला द्रव वळण कळवतो, पण वळण सुरू होताना आणि थांबताना. विमान अगदी हळू कललं, तर द्रव हलत नाही आणि मेंदूला काही कळत नाही. वळण तसंच चालू राहिलं की वीसेक सेकंदांत तो द्रवही विमानाच्या वेगाने फिरू लागतो आणि ‘आपण सरळ आहोत’ असं वाटायला लागतं. त्या क्षणी तुम्ही विमान खरोखर सरळ केलंत, की शरीर ठणकावून सांगतं, आपण उलट्या बाजूला वळलो! लोकलमध्ये शेजारची गाडी हलली की आपलीच निघाली असं वाटतं. तिथे खिडकीतून फलाट बघून खात्री करता येते, ढगात फलाट नसतो.

इलिनॉय विद्यापीठाने १९५४ मध्ये इन्स्ट्रुमेंट न शिकलेल्या २० जणांना कृत्रिम ढगात सोडून पाहिलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. कुणाचा २० सेकंदांत, कुणाचा ४८० सेकंदांत, सरासरी १७८ सेकंद. बहुतेकांचं एकच झालं: न कळता वळण, नाक खाली, वेग वाढतोय म्हणून दांडी मागे ओढली, वळण आणखी आवळलं. यालाच ग्रेव्हयार्ड स्पायरल म्हणतात.

आणि हे फक्त नवशिक्यांचं होतं असं नाही. १ जानेवारी १९७८च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे जम्बो विमान दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. हवा खराब नव्हती, पण खाली काळा समुद्र आणि वर काळं आकाश, क्षितिज कुठेच नाही. चौकशीचा निष्कर्ष असा की कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज (विमान किती कललंय ते दाखवणारं यंत्र) बिघडून विमान उजवीकडे कललंय असं दाखवत राहिलं, आणि ते सावरण्यासाठी विमान डावीकडे कलंडवलं गेलं. दुसऱ्या यंत्रांशी ताळा करून पाहिला गेला नाही. ‘यंत्रांवर विश्वास ठेवा’ असं सगळे सांगतात. मी सांगतो, एकट्या यंत्रावर ठेवू नका. दोन यंत्रांचं पटलं नाही तर तिसऱ्याला विचारा. शरीराला मात्र विचारूच नका.

८. सहा यंत्रांकडे एका वेळी बघायचं कसं?

एका वेळी बघायचं नसतंच. नजर कृत्रिम क्षितिजावरून निघते, एका यंत्राला भेट देते, परत क्षितिजावर येते, मग पुढच्या यंत्राकडे जाते. सरळ उडताना उंची आणि दिशा जास्त वेळा, वळताना टर्न कोऑर्डिनेटर (वळणाचा वेग दाखवणारं यंत्र) आणि उंची. प्रमाणित वळण सेकंदाला ३ अंशांचं, म्हणजे दोन मिनिटांत पूर्ण फेरी. १०० नॉटला त्यासाठी साधारण १५ अंशांचा कल लागतो.

नवशिक्याची नजर एकाच यंत्राला चिकटते. उंची ४० फुटांनी घसरली की तो आल्टिमीटरकडेच, म्हणजे उंचीच्या यंत्राकडेच, बघत बसतो, आणि तेवढ्यात दिशा २० अंशांनी गेलेली असते. हे सुटायला पंधरा-वीस तास लागतात. चहाच्या कपासारखी दांडी घट्ट धरणं सोडलंत, दोन बोटांनी धरलीत, आणि ट्रिम (दांडीवरचा जोर काढून टाकणारं चाक) नीट लावलंत, तर त्याहून लवकर सुटतं.

९. फॉगल्स (बाहेरचं दिसू न देणारा चष्मा) लावून मित्राबरोबर सराव केला तर तास धरतात का?

धरतात. प्रश्न ३ मधल्या ४० तासांपैकी १५ सोडून बाकीचे तुम्ही सेफ्टी पायलटबरोबर, म्हणजे तुमच्याऐवजी बाहेर बघणाऱ्या पायलटबरोबर, करू शकता. त्याच्याकडे त्याच प्रकारच्या विमानाचं किमान प्रायव्हेट लायसन्स आणि चालू मेडिकल किंवा बेसिकमेड हवं. त्याला स्वतःला इन्स्ट्रुमेंट रेटिंग असण्याची गरज नाही, फक्त मग बाहेरची हवा नजरेच्या उड्डाणाची हवी आणि आयएफआर (यंत्रांच्या नियमांवरच्या उड्डाणाच्या) प्लॅनवर जायचं नाही. लॉगबुकात त्याचं नाव लिहा. बरेच जण विसरतात आणि परीक्षकासमोर बसल्यावर आठवत राहतात.

एक खाच: प्रवास ५० मैलांहून लांबचा असला, तरी सेफ्टी पायलटला क्रॉस-कंट्री लिहिता येत नाही, कारण टेकऑफ आणि लँडिंग त्याचं नसतं. दोघांनी आलटून पालटून चालवलं तर दोघांचं भागतं.

ही जोडी जुनी आहे. २४ सप्टेंबर १९२९ला अमेरिकी लष्करी वैमानिक जिमी डूलिटलने लाँग आयलंडच्या मिचेल फील्डवरून आपल्या कॉकपिटवर झाकण ओढून उड्डाण केलं आणि बाहेर काहीही न बघता तिथेच उतरवलं. पुढच्या कॉकपिटमध्ये बेन केल्सी सेफ्टी पायलट म्हणून बसला होता, आणि आपण दांडीला हात लावत नाही हे खालच्या लोकांना दिसावं म्हणून हात बाहेर वर धरून!

१०. घरच्या सिम्युलेटरचे तास चालतात का?

घरच्या काँप्युटरवरचे नाही. एफएएची मान्यता असलेल्या साध्या यंत्रावरचे १० तास आणि प्रगत यंत्रावरचे २० तासांपर्यंत चालतात, तेही प्रशिक्षक बरोबर असेल तर. पण घरचं सिम्युलेटर फुकट जात नाही. होल्डमध्ये (वाट बघत एका ठिकाणी घिरट्या घालणं) शिरणं, फ्रिक्वेन्सी बदलण्याचा क्रम, मिस्ड ॲप्रोच (न उतरता परत वर निघणं) हे तिथे पन्नास वेळा करून या. विमानाच्या भाड्याच्या दराने बटणं शोधत बसण्यात अर्थ नाही.

११. आयपॅडवर सगळं दिसतं, मग व्हीओआर (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरून दिशा शोधणं) कशाला शिकायचं?

कारण आयपॅड हे कायद्याने दिशादर्शनाचं साधन नाही, तो नकाशांचा गठ्ठा आहे. पॅनेलमधलं प्रमाणित जीपीएस असेल तर बहुतेक काम त्यानेच होतं. मात्र ॲप्रोचसाठी त्यातली माहिती ताजी लागते, आणि तिचं चक्र २८ दिवसांचं असतं.

पण जीपीएसचा सिग्नल फार क्षीण असतो आणि तो दाबता येतो. कॅलिफोर्निया-नेवाडाच्या वाळवंटात लष्करी चाचण्यांसाठी जीपीएस बिघडू शकेल अशा सूचना नोटॅममध्ये (वैमानिकांसाठीच्या सूचनापत्रात) वरचेवर असतात. भारतात अमृतसर-जम्मूच्या पट्ट्यातही विमानांना असा हस्तक्षेप अनुभवाला आला आहे. म्हणूनच एफएए व्हीओआर केंद्रं कमी करत असली, तरी २०३० पर्यंत सुमारे ५९० केंद्रांचं जाळं मागे ठेवणार आहे.

व्हीओआर वापरून आयएफआर उडायचं असेल, तर यंत्राची तपासणी ३० दिवसांत झालेली हवी. जमिनीवरच्या ठरलेल्या जागी ४ अंशांची चूक चालते, हवेत ६ अंशांची. ही तपासणी तुम्ही स्वतः करून तारीख, जागा, फरक आणि सही नोंदवू शकता. दोन मिनिटांचं काम, पण क्लबच्या विमानात ती वही बहुधा कोरीच सापडते.

१२. आयएलएसवर (धावपट्टीपर्यंत रेडिओने वाट दाखवणाऱ्या यंत्रणेवर) उतरताना प्रत्यक्षात काय काय करता?

स्टॉकटनचं उदाहरण घेऊ. हिवाळ्यात सेंट्रल व्हॅलीत धुकं बसतं, आणि आमच्याकडचे विद्यार्थी सरावाला तिथेच जातात. एटीसी दिशा देत देत लोकलायझरवर (धावपट्टीची मधली रेषा दाखवणाऱ्या सिग्नलवर) आणून सोडतं आणि ‘क्लिअर्ड फॉर द ॲप्रोच’ म्हणतं. त्याआधीच प्लेट वाचून झालेली असते, फ्रिक्वेन्सीचा मोर्स ऐकून ओळखलेला असतो, आणि मिस्ड ॲप्रोचची पहिली ओळ तोंडपाठ असते. हे सगळं सुई हलायला लागायच्या आधी.

सुई मध्ये येऊ लागते. लोकलायझर व्हीओआरपेक्षा सुमारे चौपट संवेदनशील असतो, तेव्हा ती झपकन येते. वळून दिशा धरली. वेग ९० नॉट, फ्लॅप्सची (पंखांच्या मागच्या झडपांची) पहिली पायरी. ग्लाइड स्लोपची (उताराची वाट दाखवणारी) सुई वरून खाली सरकतेय; मधल्या खुणेवर आली की पॉवर कमी करून सेसना १७२ मध्ये साधारण ४५० फूट प्रतिमिनिट उतरायला लागायचं. हा आकडा कुठून आला? ३ अंशांच्या उतारासाठी जमिनीवरचा वेग गुणिले पाच. समोरून वारा असेल आणि जमिनीवरचा वेग ७५ असेल, तर ३७५ पुरतात. सुरुवातीला सगळे हीच गोष्ट विसरतात आणि सुईच्या मागे धावतात.

आता नियम एकच: सुईचा पाठलाग करायचा नाही, दिशा धरायची. सुई डावीकडे गेली तर ५ अंश डावीकडे दिशा घ्या आणि थांबा. परत आली की त्यातले दोन-तीन अंश ठेवून द्या, तोच वाऱ्याचा हिशेब. जसजसं जवळ जाल तसतशी शंकूसारखी वाट आवळत जाते, म्हणून शेवटच्या दोन मैलांत दुरुस्त्या २ अंशांच्या वर जाता कामा नयेत.

साधारणपणे जमिनीपासून २०० फुटांवर निर्णयाची उंची येते. धावपट्टी किंवा तिची ठरलेली खूण दिसली आणि नेहमीसारखं उतरता येत असेल तर उतरायचं. नुसते ॲप्रोचचे दिवे दिसले तर १०० फुटांपर्यंत जायची मुभा आहे, पण त्याच्या खाली जायला धावपट्टीची खूण किंवा त्या दिव्यांतल्या लाल पट्ट्या दिसायलाच हव्यात. काहीच नाही दिसलं? पूर्ण पॉवर, नाक वर, चढायला लागा, मग फ्लॅप्स, आणि रेडिओ सगळ्यात शेवटी. ‘आणखी पाच सेकंद बघू’ हा विचार मनात आला, तर तो चुकीचा आहे असं समजून वर निघायचं.

१३. रेटिंग टिकवायला काय लागतं?

उड्डाणाच्या महिन्याआधीच्या सहा कॅलेंडर महिन्यांत ६ ॲप्रोच, होल्डिंग, आणि ठरावीक मार्ग पकडून त्यावर राहण्याचा सराव. १० मार्चला सगळं केलंत तर ३० सप्टेंबरपर्यंत चालतं. त्यानंतर पुढचे सहा महिने, म्हणजे ३१ मार्चपर्यंत, सेफ्टी पायलट घेऊन स्वतःच पूर्ववत करता येतं. तेही हुकलं तर प्रशिक्षकाकडून किंवा परीक्षकाकडून प्रावीण्याची तपासणी करून घ्यावी लागते.

कागदावरचं ‘चालू’ आणि हाताने ‘तयार’ यात फरक आहे. मार्चमध्ये सहा ॲप्रोच एका दुपारी मारून सप्टेंबरच्या शेवटी थेट ढगात शिरणं कायदेशीर आहे. मी कुणाला असं करू देणार नाही.

१४. होल्डिंगमध्ये शिरायचे तीन प्रकार लक्षात राहत नाहीत.

हिशेब गरजेचा तितकाच ठेवा. फिक्स (होल्डचा ठरलेला बिंदू) ओलांडल्यावर बाहेरच्या दिशेने वळायचं आणि सुरक्षित बाजूलाच राहायचं, हे मुख्य. सरळ शिरणं, समांतर शिरणं, थेंबाच्या आकारात शिरणं हे प्रकार शिफारशीचे आहेत. परीक्षेत शिफारशीचंच करा. प्रमाणित होल्ड उजव्या वळणाचा, १४,००० फुटांपर्यंत फिक्सकडे परत येणारा टप्पा एक मिनिटाचा. ६,००० फुटांपर्यंत २०० नॉटची मर्यादा, जिची सेसनाला चिंताच नाही. एटीसीकडून ‘पुढची क्लिअरन्स किती वाजता’ ही वेळ घेतल्याशिवाय होल्डमध्ये शिरू नका. ती वेळ कशासाठी, ते प्रश्न १७ मध्ये.

१५. आता कुठल्याही हवेत जाता येईल ना?

नाही. हा निरोप मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि तो सहसा डिसेंबरमध्ये, टाहोला जायच्या आदल्या रात्री येतो. ढग आणि शून्याखालचं तापमान एकत्र म्हणजे बर्फ. सेसना १७२ ला बर्फात उडायची मान्यता नाही आणि टाहोच्या वाटेवरच्या सिएरा डोंगरांवर किमान उंचीच इतकी जास्त आहे की हिवाळ्यात बर्फाच्या थराखालून जायला जागा उरत नाही. तिथे रेटिंग असणाऱ्याने आणि नसणाऱ्याने दोघांनीही गाडीने जावं.

वादळी ढगांपासून २० मैल लांब. टॅबलेटवरचं रडारचं चित्र पडद्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा १५ ते २० मिनिटांनी जुनं असू शकतं. तेवढ्यात ढग कुठल्या कुठे गेलेला असतो. त्यामुळे लांबून वळसा घालण्यासाठी ते वापरा, दोन ढगांमधून वाट काढायला नको.

पर्यायी विमानतळाचा नियम सगळ्यांना पाठ असतो: पोचण्याच्या वेळेआधी एक तास ते नंतर एक तास, छत २,००० फूट आणि दृश्यमानता ३ मैल नसेल तर पर्याय द्या. इंधन पोचायला, तिथून पर्यायाला, आणि वर ४५ मिनिटं. किनारपट्टीवर एक गोष्ट लक्षात ठेवा. वॉट्सनव्हिल बंद झालं तर मॉन्टेरे आणि सॅलिनासही बहुधा त्याच थराखाली असतात. पर्याय डोंगरापलीकडचा घ्या. नव्याने रेटिंग मिळालेल्याने पहिले काही महिने छत हजार फुटांखाली असेल तर घरी बसावं, असं माझं मत.

१६. व्हॅक्यूम पंप ढगातच बंद पडला तर?

जुन्या पॅनेलमध्ये कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक दोन्ही या पंपाच्या हवेवर चालतात, तो गेला की दोन्ही हळूहळू मरतात. हळूहळू हेच वाईट, कारण क्षितिज एकदम पडत नाही, सावकाश कलतं आणि तुम्ही त्याच्या मागे विमान कलवता. सम्राट अशोकची गोष्ट (प्रश्न ७) थोडक्यात हीच. म्हणून सक्शनच्या (पंपाचा जोर दाखवणाऱ्या) काट्याकडे नजर जात राहिली पाहिजे. बिघाड कळला की मेलेली यंत्रं झाका. मी त्यासाठी साबण ठेवायच्या रबरी चकत्या खिशात ठेवतो, काचेला चटकन चिकटतात. मग टर्न कोऑर्डिनेटर, वेग आणि उंची यांवर सरळ राहा आणि वळणं घड्याळावर घ्या: ९० अंशांना ३० सेकंद. एटीसीला सांगा, लाजू नका. ते जवळची चांगली हवा शोधून देतात.

विमानात विजेवरचं, बॅटरी असलेलं नवं यंत्र बसवलेलं असेल तर हा प्रसंग बराच सौम्य होतो. तरी परीक्षेत एक ॲप्रोच मुख्य क्षितिजाविना करावाच लागतो.

१७. रेडिओ गेला तर कुठे जायचं, किती उंचीवर?

ट्रान्सपाँडरवर (एटीसीच्या रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर) ७६०० लावा, म्हणजे रेडिओ गेल्याचं त्यांना कळतं. बाहेर स्वच्छ असेल किंवा वाटेत स्वच्छ हवा लागली, तर नजरेने उतरून टाका, बाकी काही आठवायची गरज नाही. ढगात असाल तर मार्ग या क्रमाने: शेवटचा दिलेला, रडारने वळवत होते तर त्यात सांगितलेल्या ठिकाणापर्यंत, नसेल तर पुढे मिळेल म्हटलेला, तोही नसेल तर प्लॅनमध्ये भरलेला. उंची मात्र तिघांतली जी सर्वात जास्त ती: दिलेली, पुढे मिळेल म्हटलेली, किंवा त्या टप्प्यावरची किमान उंची. प्रत्येक टप्प्याला नव्याने ठरवायची. होल्डमध्ये असाल तर एटीसीने दिलेल्या त्या वेळेला निघायचं, म्हणून ती घेऊन ठेवायची.

प्रत्यक्षात दहातल्या नऊ वेळा हेडसेटची पिन सैल झालेली असते किंवा आवाजाचं बटण खाली गेलेलं असतं. आधी ते बघा. पिशवीत हातातला छोटा रेडिओ असू द्या.

आणि याच्याच जोडीने विचारला जाणारा प्रश्न: धावपट्टी दिसत नसताना टेकऑफ कायदेशीर आहे का? खासगी उड्डाणाला आहे, किमान दृश्यमानतेची अट नाही. पण इंजिन खोकलं तर परत कुठे उतरणार? ज्या विमानतळाच्या ॲप्रोचच्या किमान मर्यादेखाली हवा आहे, तिथून निघू नये.

१८. हे रेटिंग भारतात चालेल का?

आपोआप नाही. एफएएचं लायसन्स डीजीसीएकडे (भारताच्या हवाई वाहतूक नियामकाकडे) रूपांतरित करावं लागतं. तास धरतात, पण डीजीसीएच्या लेखी परीक्षा, आरटीआर (रेडिओवर बोलण्याचा परवाना) आणि उड्डाणाची चाचणी वेगळी. तिथली इन्स्ट्रुमेंट चाचणी दरवर्षी द्यावी लागते, इथल्यासारखं ॲप्रोच मोजून भागत नाही.

आणखी एक फरक सुट्टीत धुळ्याला किंवा बारामतीला उडायचा बेत असलेल्यांसाठी. अमेरिकेत रात्रीही नजरेच्या नियमांवर उडता येतं. भारतात मात्र सूर्यास्तानंतर २० मिनिटांपासून सूर्योदयाआधी २० मिनिटांपर्यंत ते बंद असतं, एटीसीने स्थानिक उड्डाणाला सूट दिली तरच अपवाद. तेव्हा संध्याकाळी परतायला उशीर होणार असेल, तर तिथे रेटिंग नसणं जास्त महागात पडतं. उपग्रहांवरच्या ॲप्रोचसाठी भारताची स्वतःची गगन यंत्रणा आहे. एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचं एटीआर विमान राजस्थानात किशनगढला तिच्यावर उतरलं. ट्रेनर विमानात मात्र त्यासाठी लागणारं यंत्र आहे की नाही, हे क्लबला आधी विचारून घ्या. आणि आल्टिमीटर लावताना सावध: एटीसी १०१३ सारखा हेक्टोपास्कलचा आकडा देईल आणि विमान अमेरिकन असेल तर खिडकीत इंच असतील. कोष्टक गुडघ्यावरच्या पाटीला चिकटवून ठेवा.